टीव्हीवरचा मेनू संथ झाला म्हणून होम ऑटोमेशनचा कंट्रोलर बदलावा का?

लातूरहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर २०१७ साली बांधले, तेव्हाच होम ऑटोमेशन बसवले. दिवे, पडदे, चार कॅमेरे, हॉलमधली संगीत व्यवस्था, टाकीची पातळी आणि बोअरची मोटर हे सारे एका मुख्य कंट्रोलरवर चालते. बेडरूमच्या टीव्हीमागे दुसरा, लहान कंट्रोलर आहे. टीव्हीवर येणाऱ्या मेनूत रिमोटचे बटण दाबल्यावर निवड पुढे सरकायला आता वेळ लागतो, गाण्यांची यादी अडखळते, गेटचा कॅमेरा उघडायला तीन-चार सेकंद जातात. विक्रेत्याने दोन्ही कंट्रोलर बदलण्याचे कोटेशन दिले आहे आणि ते मान्य करावे की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. आज कोटेशन मान्य करू नका. कदाचित दोन महिन्यांनी मुख्य कंट्रोलर बदलणे योग्य ठरेल, कदाचित गरजच पडणार नाही. पण कोणता विलंब कुठे होतो हे मोजल्याशिवाय घेतलेला निर्णय अंदाजाचाच राहील, आणि आपल्या घरात त्या कंट्रोलरवर पाण्याची मोटर चालत असल्यामुळे असा अंदाज महागात पडू शकतो. सतरा वर्षे मी छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत ही कामे करत आलो आहे. संथ मेनूच्या तक्रारीवर मी गेलो, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरांत कंट्रोलर न बदलता काम झाले.

बटण दाबल्यापासून पडद्यावर निवड सरकेपर्यंत काय काय घडते, ते पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. रिमोट आपला संदेश झिगबी या घरगुती उपकरणांसाठीच्या बिनतारी रेडिओवरून पाठवतो आणि तो कधी थेट, तर कधी वाटेतल्या एखाद्या स्विचवरून उडी घेत कंट्रोलरपर्यंत येतो. कंट्रोलर तो समजून घेतो, नवीन चित्र तयार करतो आणि एचडीएमआय तारेने ॲम्प्लिफायरकडे देतो. ॲम्प्लिफायर ते टीव्हीकडे पुढे पाठवतो, आणि टीव्ही त्या चित्रावर रंग, धार, हालचाल यांचे आपले संस्कार करून मग ते दाखवतो. या साखळीत कंट्रोलर ही एकच कडी आहे. नवा कंट्रोलर तेवढी कडी वेगवान करील. बाकीच्या जशा आहेत तशाच राहतील.

संगणक वापरायला सोपे कसे करावेत याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा आजही आमच्या कामात उपयोगी पडते. सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे १०० मिलिसेकंदांत, प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. एका सेकंदापर्यंत विलंब जाणवतो, पण विचाराची ओळ तुटत नाही. त्यापुढे मात्र ती तुटते, आणि दहा सेकंदांनंतर लक्षच उडते. बाण दाबून एक घर पुढे सरकणे २०० ते २५० मिलिसेकंदांत झाले तर कोणी तक्रार करत नाही. आपल्या घरात हा आकडा किती आहे, ते मोजायला वेगळे उपकरण लागत नाही. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर, २४० फ्रेमच्या वेगावर ठेवा आणि रिमोट व टीव्ही एकाच चौकटीत येतील असा धरा. चित्रणाला सुरुवात करून बाण दहा वेळा, प्रत्येक वेळी थोडे थांबून, दाबा. मग ते चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा: बोटाखाली बटण दबल्याची फ्रेम कोणती आणि टीव्हीवर निवड सरकल्याची फ्रेम कोणती. मधल्या फ्रेमची संख्या ४.१७ ने गुणली की मिलिसेकंद मिळतात. ९६ फ्रेम मोजल्या तर ४०० मिलिसेकंद झाले. दहा आकडे वहीत लिहा आणि सरासरीसोबत त्यांतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही जपून ठेवा, कारण निदान बहुतेक वेळा त्या दोन टोकांतच दडलेले असते.

दहाही आकडे एकमेकांच्या जवळ, समजा ३८० ते ४२० च्या दरम्यान, आले तर विलंब साखळीतच मुरलेला आहे, बहुधा टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरमध्ये. आकडे २०० पासून १५०० पर्यंत विखुरले, तर कुठेतरी ताण आहे किंवा रेडिओचे संदेश वाटेत हरवून पुन्हा पाठवले जात आहेत. आणि मेनू एरवी ठीक चालून मधूनच अगदी पाच किंवा दहा सेकंद गोठत असेल, तर प्रोसेसरवर संशय घेण्याचे कारण नाही. कंट्रोलर कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसलेला आहे. नावावरून इंटरनेट पत्ता शोधणारी विनंती अनुत्तरित राहिली की लिनक्सवर चालणारी उपकरणे साधारणपणे पाच सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतात. ब्रॉडबँड अडखळत असताना हवामानाचे किंवा ऑनलाइन रेडिओचे चिन्ह मेनूत असेल, तर सारा मेनू त्या एका चिन्हापायी थांबतो. ठरावीक सेकंदांची अडकण ही वाट पाहण्याची खूण आहे, तर कमीजास्त होत राहणारी अडकण ही ताणाची.

यानंतरचा प्रयोग म्हणजे कड्या एकेक करून बाजूला काढणे. ॲम्प्लिफायर वगळून कंट्रोलरची एचडीएमआय तार थेट टीव्हीला लावा आणि पुन्हा मोजा. मग टीव्ही गेम मोडवर टाका आणि पुन्हा मोजा. नेहमीच्या चित्र-मोडमध्ये अनेक टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक विलंब स्वतःच घालतात, गेम मोडमध्ये तो बऱ्याच टीव्हींत वीस-तीसच्या घरात येतो. कंट्रोलर ज्या इनपुटला जोडला आहे त्या एका इनपुटपुरताच गेम मोड बऱ्याच टीव्हींत ठेवता येतो, त्यामुळे चित्रपटाच्या रंगांना धक्का लागत नाही. आपण २०१७ नंतर टीव्ही बदलून फोर-केचा घेतला असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. कंट्रोलरचे आउटपुट कोणी हौसेने फोर-केपर्यंत वाढवले आहे का? १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, फोर-केवर सुमारे ८२.९ लाख. चौपट बिंदू रंगवायला जुन्या कंट्रोलरला जड जाते. मेनू १०८० वर, जुन्या कंट्रोलरमध्ये ७२० वरही, ठेवावा आणि मोठा करण्याचे काम टीव्हीवर सोपवावे. अक्षरे तीन मीटरवरून तितकीच वाचता येतात.

आता कंट्रोलरकडेच वळू. पण त्याच्या वेगाकडे पाहण्याआधी तो जिथे ठेवला आहे तिथला उन्हाळा पाहिला पाहिजे, कारण आपल्या भागात हे कारण सर्वांत अधिक आढळते आणि सर्वांत कमी तपासले जाते. परभणीला एका घरी मे महिन्यात दुपारी साडेचारला गेलो होतो. टीव्हीखालच्या बंद कपाटात खाली सेट-टॉप बॉक्स, त्यावर कंट्रोलर, त्यावर राउटर आणि शेजारी ॲम्प्लिफायर अशी मांडणी होती. समोर काळी काच, मागे प्लायवूड आणि तारांसाठी दोन बोटांएवढे भोक. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आत ठेवून दार लावले. वीस मिनिटांनी तो ५४ अंश दाखवत होता आणि कंट्रोलरच्या पत्र्यावर तळहात टेकवत नव्हता. मालकांना आश्चर्य याचे वाटत होते की सकाळी सातला देवघरातली आरती लावताना मेनू झटपट चालतो आणि संध्याकाळी बातम्यांच्या वेळी रेंगाळतो. त्यामागचे कारण त्या कपाटातच होते. आजचे बहुतेक प्रोसेसर तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. रास्पबेरी पाय ४ सारख्या घरगुती बोर्डावर हे ८० अंशांच्या पुढे सुरू होते आणि ८५ अंशांना आणखी कडक होते. कंट्रोलरभोवतीची कपाटातली हवाच ५४ अंश असेल तर आतली चिप तिथवर जायला फार वेळ लागत नाही. सुताराने मागच्या प्लायला वर आणि खाली एकेक फुटाची झडप कापली, राउटर बाहेर काढला, एक शांत १२ व्होल्टचा पंखा वरच्या झडपेला लावला. त्या घरात तोच कंट्रोलर आजही आहे. नवा बसवला असता तर तोही त्याच कपाटात, त्याच तापात बसला असता.

आपण सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला अशा दोन्ही वेळी मोजावे, ते यासाठीच. दोन्हींत मोठा फरक आला तर आधी सुतार बोलवा.

वीजपुरवठ्याचाही असाच एक संबंध आहे, तो सहसा कोणी जोडत नाही. कंट्रोलर पुन्हा सुरू झाल्यावर सर्व उपकरणांची स्थिती नव्याने गोळा करतो आणि पहिली काही मिनिटे मेनू साहजिकच जड चालतो. दिवसातून चार वेळा लाईट जात असेल आणि प्रत्येक वेळी तो नव्याने सुरू होत असेल, तर घरच्यांना तो कायमच संथ भासेल. अनेक घरांत इन्व्हर्टर असूनही असे होते, कारण इन्व्हर्टर साध्या मोडवर असला की लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात कंट्रोलरचा अडॅप्टर तग धरत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते, ते लावून पाहा. बोअरची मोटर सुरू होताना घरातले दिवे मिचकावत असतील, तर कंट्रोलर व राउटर यांना एक लहान स्वतंत्र यूपीएस देणेच बरे. कंट्रोलर किती तासांपासून अखंड चालू आहे, हे त्याच्या सेटिंगमध्ये दिसते. आठवडाभर लक्ष ठेवून तो आकडा रोज टिपा. याच नोंदीतून आणखी एक गोष्ट कळेल. पुन्हा सुरू केल्यावर मेनू चपळ असतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जड होतो असे दिसले, तर एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण कंट्रोलरला जोडून देणारा लहान प्रोग्राम, कंट्रोलरची मेमरी खात सुटला आहे. तो शोधून काढणे किंवा त्याची नवीन आवृत्ती घालणे हे प्रोग्रामिंगचे काम आहे, त्यासाठी नवा डबा लागत नाही.

गाण्यांच्या यादीबद्दल आपण वेगळे लिहिले आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नांदेडच्या एका घरात आजोबांनी जमवलेली कीर्तने, भजने आणि शास्त्रीय गायनाच्या जुन्या कॅसेटी नातवाने मोठ्या प्रेमाने संगणकावर उतरवल्या होत्या. प्रत्येक कॅसेटच्या वेष्टणाचा त्याने मोबाइलने फोटो काढला आणि तोच अल्बमचे चित्र म्हणून जोडला. पडद्यावर यादी उघडली की पहिली दोन चित्रे येत, मग सारे थांबे, बाण दाबलेले साठत आणि अचानक निवड चार घरे पुढे उडे. आजोबा रिमोट खाली ठेवत आणि पुन्हा टेपरेकॉर्डर लावत. मोबाइलचा एक १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० बिंदूंचा असतो. फाइल तीन-चार एमबीची दिसली तरी पडद्यावर दाखवण्यासाठी ती उलगडली की प्रत्येक बिंदूला चार बाइट या हिशेबाने ४८ एमबी जागा लागते. एका पडद्यावर आठ चित्रे म्हणजे ३८४ एमबी. ज्या कंट्रोलरची सारी स्मृती एक जीबी आहे, त्याने यात करायचे काय? तीच चित्रे ५०० गुणिले ५०० वर आणली की एक चित्र एक एमबीचे आणि आठ मिळून आठ एमबी होतात. नातवाने एका दुपारी सगळी चित्रे एकगठ्ठा लहान केली, कंट्रोलरला संग्रह नव्याने वाचायला लावला, आणि त्या संध्याकाळी आजोबांनी रिमोटने स्वतः एक अभंग शोधून लावला. त्या घरासाठीही दोन कंट्रोलरचे कोटेशन आलेले होते. आपला संग्रह नेटवर्क हार्ड डिस्कवर असेल तर ती झोपी जाते का हेही पाहा. थांबलेली डिस्क फिरू लागायला काही सेकंद घेते आणि त्याचा दोष मेनूवर येतो.

गेटच्या कॅमेऱ्याचे उत्तर बहुधा कॅमेऱ्यातच आहे. अलीकडचे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी एच.२६५ पद्धतीने चित्रण करतात आणि जुन्या कंट्रोलरना ती पद्धत एकतर उलगडता येत नाही किंवा फार कष्टाने उलगडता येते. बहुतेक कॅमेरे चित्रणाच्या मुख्य प्रवाहाबरोबर एक लहान उपप्रवाहही देतात. तो एच.२६४ या जुन्या पद्धतीवर, ७०४ गुणिले ५७६ एवढ्या आकारात ठेवा आणि कंट्रोलरला तोच जोडा. रेकॉर्डिंग पूर्ण दर्जाचे चालूच राहते. त्याच पानावर आय-फ्रेम अंतर नावाचा एक आकडा असतो. कॅमेरा पूर्ण चित्र मधूनमधूनच पाठवतो, एरवी फक्त बदल पाठवतो. पूर्ण चित्र येईपर्यंत पडदा काळा राहतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि अंतर १०० असेल तर चित्रासाठी चार सेकंदांपर्यंत थांबावे लागू शकते. ते २५ करा, म्हणजे एका सेकंदाच्या आत चित्र येईल. आपण सांगितलेले तीन-चार सेकंद वाचताना मला प्रथम हाच आकडा आठवला.

रिमोटच्या रेडिओबद्दल थोडक्यात. झिगबी आणि घरचे वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर कंट्रोलरच्या डोक्यावर ठेवू नका. वायफाय १, ६ किंवा ११ या चॅनेलवर स्थिर करा आणि विक्रेत्याकडून झिगबीचे चॅनेल १५, २०, २५ किंवा २६ यांपैकी आहे का विचारा. यांतली १५ आणि २० ही वायफायच्या त्या तीन पट्ट्यांच्या मधल्या फटींत बसतात, तर २५ आणि २६ शेवटच्या पट्ट्याच्या पलीकडे. कंट्रोलरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क अगदी चिकटून लावलेली असेल तर ती लांब तारेने दूर न्या, तिच्यातून याच पट्ट्यात गोंगाट होतो. झिगबीचे चॅनेल स्वतःहून बदलू नका, कारण काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

एवढे सारे केल्यावरही थेट जोडणीत, थंड कंट्रोलरवर, लहान चित्रांसह बाणाचा विलंब अर्ध्या सेकंदाच्या वर राहिला, तर मर्यादा कंट्रोलरचीच आहे असे मी मानतो आणि बदल सुचवतो. दुसरे एक कारण मला याहूनही वजनदार वाटते: उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी सॉफ्टवेअरच्या नवीन आवृत्त्या देणे बंद केले असेल, तर मेनू वेगवान असो वा नसो, बदलाची तयारी करावी, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात आणि हळूहळू मोबाइल ॲपही जुळेनासे होते. नव्या कंट्रोलरने यादी सरकणे, चित्रे भरणे, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे आणि लाईट आल्यावर सुरू होणे यांत खरोखर फरक पडतो. तो पहिल्याच संध्याकाळी दिसतो. पण टीव्हीचे इनपुट बदलताना एचडीएमआय जोडणी जुळेपर्यंत जो काळा पडदा दिसतो तो तसाच राहील, ॲम्प्लिफायर सुरू व्हायला तेवढाच वेळ घेईल आणि खिडकीच्या पडद्याची मोटर आपल्याच गतीने चालेल. विक्रेता ‘सगळे फास्ट होईल’ म्हणाला असेल तर त्याला या तिन्हींबद्दल नेमके विचारा.

आता पाण्याचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात टाकीचा सेन्सर आणि मोटर यांची जोडणी ही हौस म्हणून कोणी करत नाही, हे मला ठाऊक आहे. मेनू संथ असला तर चिडचिड होते. मोटरचे गणित चुकले तर टाकी वाहून जाते किंवा एप्रिलमध्ये आटलेल्या बोअरवर मोटर कोरडी फिरून जळते. जुन्या कंट्रोलरच्या मागे रिले (कंट्रोलरच्या हुकमावर चालू-बंद होणारा स्विच) आणि कॉन्टॅक्ट (सेन्सरकडून संकेत घेणारी जोडणी) यांचे स्क्रू टर्मिनल, आयआरचे, म्हणजे साध्या रिमोटसारख्या अदृश्य किरणांचे सॉकेट, सिरियल पोर्ट असे बरेच काही असते आणि नवे मॉडेल जलद असूनही त्याच्या मागे तेवढी टर्मिनल नसतात. मागची बाजू उघडून, प्रत्येक वापरात असलेल्या टर्मिनलचा फोटो काढा आणि नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. एखादे कमी पडत असेल तर वेगळे जोडउपकरण लागेल, त्याची किंमत आजच्या कोटेशनमध्ये आहे का? लाईट जाऊन आल्यावर रिले बंद स्थितीत येतो की आधीच्या स्थितीत, हेही लेखी विचारा. जुना बंद स्थितीत येत असेल आणि नवा आधीची स्थिती आठवून सुरू करत असेल, तर मध्यरात्री लाईट येताच मोटर आपोआप सुरू होईल. टाकीच्या सेन्सरचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर चालतो का, याचे उत्तर ‘चालायला पाहिजे’ असे आले तर ते उत्तर समजू नका. चालवून दाखवायला सांगा. कंट्रोलर कोणताही असो, स्टार्टरपाशी हाताने चालू-बंद करण्याचा स्विच आणि कोरड्या मोटरपासून संरक्षण देणारे स्वतंत्र उपकरण असलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. हे दोन नसतील तर कंट्रोलरच्या पैशातून आधी हे करा.

दोन्ही कंट्रोलर बदलण्याची गरज मला आपल्या पत्रातून दिसत नाही. बहुतेक व्यवस्थांत सारी बुद्धी मुख्य कंट्रोलरमध्ये असते आणि दुय्यम कंट्रोलर आपल्या खोलीच्या टीव्हीवर मेनू रंगवणे, आवाज पोचवणे एवढेच करतो. नवा कंट्रोलर मुख्य करून आजचा मुख्य बेडरूममध्ये नेला तर दोन्ही खोल्यांचे काम एका खरेदीत भागते. अट एवढीच की एका घरातल्या सर्व कंट्रोलरवर सहसा एकच आवृत्ती चालावी लागते. आजचा मुख्य कंट्रोलर नवी आवृत्ती घेऊ शकत नसेल तर हा मार्ग बंद होतो. हे विक्रेत्याला मॉडेल क्रमांकासह विचारा. बेडरूममध्ये टीव्हीवरचा मेनू फारसा वापरलाच जात नसेल, तर तिथे भिंतीवर एक टॅबलेट पुरतो. टॅबलेट चित्र स्वतः रंगवतो, कंट्रोलरकडून फक्त माहिती घेतो, त्यामुळे जुन्या कंट्रोलरवरही तो हलका चालतो. आपल्या आईवडिलांना मात्र रिमोटचीच सवय असेल तर हॉलमधला टीव्ही मेनू काढून टाकू नका. वृद्धांच्या हातातली सवय जपण्यासाठी केलेला खर्च मी कधीच वायफळ मानलेला नाही.

कोटेशन एका आकड्यात आले असेल तर ते फोडून मागा: उपकरण, परवाना, प्रोग्रामिंगचे तास, जोडउपकरणे, जुन्याच्या बदल्यात मिळणारी सूट, जीएसटी. आणि प्रकल्पाची फाइल, म्हणजे आपल्या घराचे सारे प्रोग्रामिंग, तिची प्रत आपल्या ताब्यात मिळेल असे लिहून घ्या. जालन्यातल्या एका कुटुंबाने हे केले नव्हते. ज्याने काम केले तो व्यवसाय बंद करून गेला, फाइल त्याच्याच संगणकात राहिली, आणि नवा कंट्रोलर आणल्यावर शंभरावर उपकरणे एकेक करून पुन्हा जोडावी लागली. उपकरणापेक्षा त्या मजुरीचे बिल मोठे झाले. ते घर माझ्याकडे आले तेव्हा अकरा दिवस आम्ही प्रत्येक खोलीत कोणता स्विच काय करतो, एवढेच शोधत होतो.

शोरूममधल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नका. तिथे वातानुकूलित खोलीत दहा-बारा उपकरणांचा नमुना-प्रकल्प चालतो. विक्रेत्याला नवा कंट्रोलर एका संध्याकाळपुरता आपल्या घरी आणायला सांगा, आपल्याच प्रकल्पाची प्रत त्यात घालायला सांगा आणि तो आपल्याच टीव्हीला, आपल्याच गाण्यांच्या संग्रहावर चालवून, त्याच स्लो मोशन पद्धतीने दहा वेळा मोजा. रिले आणि मोटर त्या संध्याकाळी जुन्याकडेच राहू द्या. काम खरोखर करू इच्छिणारा विक्रेता याला नाही म्हणत नाही. मी स्वतः कधी म्हटलेले नाही. वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी हे नवे आकडे मांडले की निर्णय आपल्यालाच दिसेल. ४५० चे १८० झाले तर पैसे सार्थकी लागतील. ४५० चे ३९० झाले तर खरा विलंब अजून टीव्हीत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे, आणि तिथे परत जावे.

बदल करायचा ठरला तर तो मार्च ते जून या महिन्यांत करू नका, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावरही नको. पावसाळा स्थिरावल्यावर, टाकी भरलेली असताना, आठवड्याच्या पहिल्या दिवशी काम सुरू करावे, म्हणजे काही राहिले तर पुढचे चार दिवस विक्रेत्याचा माणूस हाताशी असतो. जुना कंट्रोलर त्याच्या अडॅप्टरसह आणि मागच्या टर्मिनलवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या अवस्थेत किमान एक महिना घरातच ठेवा. सूट मिळणार असली तरी तो महिना संपेपर्यंत तो परत देऊ नका.